फायरबॉलचा हिशेब

लहानपणी लगोरी खेळताना एखाद्याचा धाकटा भाऊ मागे लागायचा. त्याला नाही म्हणता येत नसे आणि खेळात घेणंही परवडत नसे. मग त्याला लिंबूटिंबू ठरवायचं. तो पळायचा, ओरडायचा, आपण खेळतोय असं त्याला मनापासून वाटायचं. पण त्याच्यावर राज्य यायचं नाही आणि तो बाद झाला तरी कुणाचं काही बिघडायचं नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये बाराव्या-तेराव्या लेव्हलला पोचलेला तलवारबाज चालवणाऱ्या खेळाडूला कधीकधी नेमकं असंच वाटतं. फरक इतकाच, की लिंबूटिंबूला आपण लिंबूटिंबू आहोत हे ठाऊक नसतं. याला ते कळतं.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाकडे कागदावर उतरवलेलं एक पात्र असतं; अनुभवाचे गुण साठले की त्याची लेव्हल वाढते. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो, राक्षस चालवतो, निवाडा देतो. शंका आली की फासे. शेवटी कुणी जिंकत नाही, त्यामुळे 'समतोल' हा शब्द इथे बुद्धिबळासारखा वापरता येत नाही. वजीर प्याद्यापेक्षा भारी असतो म्हणून प्यादं रुसत नाही, कारण दोन्ही एकाच खेळाडूची. इथे मात्र प्रत्येक प्याद्यामागे एक माणूस असतो आणि तो शनिवारची संध्याकाळ मोडून आलेला असतो.

तर प्रश्न असा: एक जण तलवार चालवतो, दुसरा स्पेल टाकतो, तिसरा कुलपं उघडतो, या तिघांना त्याच टेबलावर, त्याच तीन तासांत सारखा वाव कसा द्यायचा? गेली पन्नास वर्षं यावर पुस्तकामागून पुस्तकं निघताहेत. सगळा दोष विझर्डच्या, म्हणजे स्पेल टाकणाऱ्या जादूगाराच्या, माथी मारण्याची पद्धत आहे. जुनी पुस्तकं आणि नवी पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, तर मला वेगळंच दिसतं. विझर्डला कुणी फार मोठी नवी ताकद दिलेली नाही. त्याच्या पायातल्या बेड्या एकेक करून काढल्या गेल्या. त्या काढल्या याचं कारणही साधं होतं: त्यातली जवळपास प्रत्येक बेडी म्हणजे टेबलावर कुणीतरी ठेवायचा हिशेब होता आणि हिशेब ठेवायचा सगळ्यांनाच कंटाळा.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. पेटीत तीन पुस्तिका, पहिल्या छपाईच्या हजार प्रती. त्याआधी 1971 मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा 'चेनमेल' हा छोट्या शिशाच्या सैनिकांचा युद्धखेळ आला होता. त्याच्या शेवटी काल्पनिक प्राण्यांची आणि जादूगारांची एक पुरवणी होती, आणि तिथला फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, मुळात दगडफेकी यंत्राच्या माऱ्यावरून मोजलेला होता, वीज तोफेवरून. म्हणजे विझर्ड हा जन्मतःच तोफखाना. युद्धखेळात ते अगदी ठीक होतं. तोफखान्याला संरक्षण लागतं, तो हलायला जड असतो, आणि पायदळाने आपल्याला वाईट वाटतंय अशी तक्रार कधी केलेली नाही.

या तोफेला दारूगोळा किती द्यायचा, याचं उत्तर गायगॅक्सनी जॅक व्हान्सच्या 'द डाइंग अर्थ' या 1950 च्या पुस्तकातून उचललं. तिथले जादूगार मंत्र पाठ करतात आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. सकाळी जे भराल तेच दिवसभर, आणि एकेकदाच. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. कर्णाला इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती. ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती आणि चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचावर खर्ची पडली. कृष्णाने त्या रात्री जे केलं, त्याला आजचे खेळाडू 'समोरच्याचा स्लॉट (स्पेल टाकायची एक संधी) जाळणं' म्हणतील. एकदाच वापरता येणाऱ्या अस्त्राची खरी गंमत त्याच्या माऱ्यात नसते, ते हातचं राखण्यात असते.

1977 ते 1979 या काळात 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीची तीन जाड पुस्तकं आली आणि बेड्यांचा कारखाना पूर्ण वेगात सुरू झाला. त्या आवृत्तीतला फायरबॉल बघण्यासारखा आहे. विझर्डच्या प्रत्येक लेव्हलमागे सहा बाजूंचा एक फासा, कमाल मर्यादा नाही. भयंकर वाटतं. पण तो सुमारे 33,000 घनफूट जागा भरतोच भरतो. उघड्या मैदानात हा साधारण वीस फूट त्रिज्येचा गोळा. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच भुयारात मात्र हीच आग 330 फूट लांब पसरणार. आणि भुयारात तुमचे मित्र, तुमचं खेचर आणि तुम्ही स्वतःही उभे असता. म्हणजे फायरबॉल टाकण्याआधी टेबलावर एक गुणाकार-भागाकार व्हायचा. मी हा हिशेब चुकलेला पाहिला आहे. चुकवणाराही मीच होतो.

बाकी अटीही तशाच. विझर्डला चिलखत नाही. पहिल्या लेव्हलला चार बाजूंचा एक फासा टाकायचा, जितके पडतील तितका त्याचा जीव. तलवारीचा एक घाव त्याला पुरेसा. पहिल्या लेव्हलला दिवसाला स्पेल एकच. स्पेल म्हणायला सुरुवात केली आणि मधेच कुणी फटका मारला, तर तो वाया. नवा स्पेल सापडला तरी तो समजेल याची खात्री नाही: बुद्धिमत्ता 18 असली तरी शक्यता 85 टक्के. संपलेले स्पेल परत भरायचे तर आधी झोप, मग स्पेलच्या पातळीमागे पंधरा मिनिटं पाठांतर. सगळं संपवून बसलेल्या बड्या विझर्डला पूर्ण भरायला दिवसाहून जास्त वेळ लागे. 'हेस्ट' हा वेग वाढवणारा स्पेल टाकला की ज्याच्यावर टाकला तो एक वर्षाने म्हातारा. शिवाय मशाल तासाभरात विझते, भुयारात भटके राक्षस आले का यासाठी ठरावीक वेळाने फासा पडतो, आणि अनुभवाचे गुण मुख्यतः मारामारीसाठी मिळत नाहीत, बाहेर आणलेल्या सोन्यासाठी मिळतात. डीएमने खेळातल्या वेळाची काटेकोर नोंद ठेवलीच पाहिजे, हे गायगॅक्सनी 1979 च्या पुस्तकात ठासून सांगितलं आहे. पुष्कळांना तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. पण जादूची किंमत ज्या चलनात चुकवायची ते चलनच वेळ असेल, तर वेळ न मोजणारा डीएम दुकान उघडं टाकून गेलेला असतो.

अर्थात जुनं सगळं सोनं होतं, असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. दुसऱ्या लेव्हलसाठी लढवय्याला सुमारे 2,000 गुण लागत, विझर्डला 2,500 आणि चोराला 1,250. इथवर हा समतोल वाटतो. पण नवव्या लेव्हलला विझर्ड सुमारे 1,35,000 वर पोचतो आणि लढवय्याला त्यासाठी अडीच लाख लागतात. म्हणजे ज्या टप्प्यावर विझर्ड हाताबाहेर जायला लागतो, तिथेच कोष्टक त्याला ढकलगाडी देतं. आणि पहिल्या लेव्हलचा विझर्ड, एकुलता एक स्पेल सकाळीच वापरून उरलेली संध्याकाळ सुरीला धार लावत बसणारा, त्यालाही समतोल म्हणवत नाही. आधी एकाने रडायचं, नंतर दुसऱ्याने, ही फार तर पाळी झाली.

एका गोष्टीत मात्र जुनी चौकट भक्कम होती आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. स्पेल अंगावर आला की वाचण्यासाठी सेव्हिंग थ्रो टाकायचा. जुन्या खेळात हा आकडा वाचणाऱ्याच्या लेव्हलवर ठरायचा, टाकणाऱ्याच्या ताकदीवर नाही. सतराव्या लेव्हलच्या लढवय्याला वीस बाजूंच्या फाशावर 6 किंवा जास्त पडले की पुरे, चारांतल्या तीन वेळा तो वाचणार. मुरलेल्या वीरावर जादू सहसा चढत नाही, हे त्या खेळाचं न बोललेलं तत्त्व होतं.

2000 साली तिसरी आवृत्ती आली. टीएसआर ही मूळ कंपनी 1997 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती. माँटी कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स या तिघांनी नियम नव्याने बांधले. देखणं काम होतं. सगळ्यांना एकच अनुभव-कोष्टक, एकच फासा, एकच सूत्र. पण त्या एका सूत्रात सेव्हिंग थ्रो उलटला. आता आकडा टाकणाऱ्यावर ठरू लागला: दहा, अधिक स्पेलची पातळी, अधिक त्याच्या बुद्धीचा बोनस. नवव्या पातळीचा स्पेल आणि बोनस 8 धरला तर 27. समोर सतराव्या लेव्हलचा लढवय्या, मनोबलाची मूळ भर फक्त 5. जादूचे दागिने घातले नसतील तर नेमके वीस पडले तरच तो वाचणार. वीस वर्षांत चारांतल्या तीन वेळा वाचणारा गडी विसांतून एकदा वाचू लागला, आणि हे घडलं एका नीटनेटक्या बेरजेने.

तिकडे बेड्याही सुटत होत्या. लढाईत सावधपणे स्पेल टाकायची सोय झाली. फायरबॉल भुयारात पसरेनासा झाला, घनफुटांचं गणित गेलं. 'हेस्ट'ने म्हातारपण येईनासं झालं. उलट आधी त्याने एक जादा कृती मिळायची, म्हणजे विझर्ड एका फेरीत दोन स्पेल टाकायचा. 2003 च्या दुरुस्त आवृत्तीत ते मागे घ्यावं लागलं. त्याच आवृत्तीत 'हार्म' हा स्पेलही वेसण घालून आणावा लागला. आधी तो सेव्हची संधीच न देता कितीही मोठ्या राक्षसाला मरणाच्या दारात उभा करत असे. आणि बाजार उघडला. कुलूप उघडणाऱ्या 'नॉक' या स्पेलची गुंडाळी 150 सोन्याच्या नाण्यांना मिळू लागली. जुन्या खेळात पहिल्या लेव्हलच्या चोराची कुलूप उघडण्याची शक्यता 25 टक्के; तो बिचारा वर्षानुवर्षं शिकत वर चढायचा. आता त्याच्या हयातभराच्या कसबाला 150 नाण्यांची चिठ्ठी लावलेली.

माझ्या मते खरा घोळ तिथे आहे, आकड्यांच्या मारामारीत नाही. लोक समतोलाविषयी बोलताना कोण किती जखम करतो याचे तक्ते मांडतात. तो भाग सर्वांत सोपा. फासा कमी-जास्त केला की सुटतो, आणि खेळ मोठा होत गेला तसा उलट जादूचा थेट मारा पातळच झाला. 1977 च्या पुस्तकात सर्वांत थोराड लाल ड्रॅगनचा जीव 88; विसाव्या लेव्हलचा विझर्ड एका फायरबॉलमध्ये सरासरी 70 मारायचा. 2014 च्या पुस्तकात तसल्या ड्रॅगनचा जीव 546 आणि फायरबॉलची सरासरी 28. हुशार विझर्डने मग काय केलं? त्याने आग फेकणं सोडलं. ड्रॅगन मारण्यापेक्षा ड्रॅगनचा प्रश्नच उरणार नाही, असे स्पेल तो भरू लागला. कुणाला जागच्या जागी थिजवायचं, कुणाला आपल्या बाजूला वळवायचं, कुणाला गोगलगाय करायचं. ज्या स्पेलला समोरच्याच्या जिवाशी देणंघेणंच नाही, त्याला 88 काय आणि 546 काय.

आणि लढाईबाहेर तर तक्तेच नाहीत. उडता येऊ लागलं की कडा चढणाऱ्याचं काम गेलं. क्षणात दुसऱ्या शहरात पोचता आलं की तीन आठवड्यांचा प्रवास, त्यातले दरोडेखोर, तुफान, सगळं एका ओळीत संपलं. प्रेताशी बोलता आलं की खुनाचा तपास पहिल्या दहा मिनिटांत आटोपला. लढवय्या अमुक इतकी जखम करतो हे विझर्डला झोंबत नाही. पण पुढचं प्रकरण कोणतं उघडायचं हे दर वेळी विझर्डच ठरवतो, हे लढवय्याला झोंबतं.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने हा रोग ओळखला आणि औषध जालीम दिलं. पात्रांच्या सगळ्या वर्गांना (लढवय्या, विझर्ड, चोर) एकाच साच्याच्या शक्ती: काही हव्या तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. तलवारवालाही दिवसातून एकदा काहीतरी अचाट करणार. लांबलचक जादू वेगळ्या विधींमध्ये काढून ठेवली. लढाईच्या टेबलावर इतका समसमान खेळ या घराण्यात आधी झाला नव्हता आणि माझ्या मते नंतरही नाही. तरी पुष्कळ लोक बिथरले. सगळे सारखेच वाटतात, ही तक्रार. 'मॅजिक मिसाइल' हा कधी न चुकणारा स्पेल, त्यालाही आता नेम लागला की नाही बघायला फासा टाकावा लागे. 2010 मध्ये तो बदल मागे घेतला गेला. तिसऱ्या आवृत्तीवर जीव असलेल्यांसाठी पायझो या कंपनीने 2009 मध्ये 'पाथफाइंडर' काढला. चौथ्या आवृत्तीचा तोल आकड्यांनी चुकीचा नव्हता. विझर्ड खेळणाऱ्याला वेगळी जबाबदारी हवी असते, आणि तलवार उचलणाऱ्यांपैकी कित्येकांना शक्तींची यादी वाचायचीच नसते, एवढं त्यात निसटलं.

2014 ची पाचवी आवृत्ती तडजोडीची आहे आणि तिच्यातली एक तडजोड मला फार आवडते. बरेच प्रभावी स्पेल चालू ठेवायला एकाग्रता लागते, आणि एका वेळी एकाच स्पेलवर एकाग्र होता येतं. फटका बसला की फासा टाकून ती टिकते का बघायचं. एका नियमात दोन कामं: स्पेलवर स्पेल चढवून मनोरा रचणं थांबलं, आणि विझर्डसमोर ढाल घेऊन उभं राहणाऱ्याला पुन्हा अर्थ आला. 'नॉक'चंही तसंच. कुलूप उघडतं, पण तो आवाज 300 फुटांपर्यंत ऐकू जातो. चोर अजूनही कामाचा, कारण तो गुपचूप उघडतो. ही किंमत वहीत लिहावी लागत नाही, ती आपोआप गोष्टीत शिरते. पहारेकरी धावत येतात. असे नियम करायला खरी अक्कल लागते.

त्याच आवृत्तीतली दुसरी तडजोड मात्र फसली. डीएमच्या पुस्तकाने गृहीत धरलं होतं, की दिवसभरात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण झुंजी होतील. तेवढ्या झाल्या तर विझर्डचे स्पेल संपतात, लढवय्याची तलवार संपत नाही, आणि पारडं बरोबर येतं. प्रत्यक्षात नोकरी सांभाळून आलेले चार लोक तीन तासांत एक झुंज करतात, फार तर दोन. मग डीएम म्हणतो, रात्र झाली. आठ तासांची झोप, सगळे स्लॉट परत. विझर्डने जपून खर्च करावं अशी रचना आणि खर्च करायला दिवसच छोटा. बरं, दिवस लांबवायचा म्हटलं तर पाच-सहा लेव्हलच्या विझर्डकडे आठ तास टिकणारा सुरक्षित घुमट उभा करायचा स्पेल असतो. भटक्या राक्षसांनी बाहेर बसून वाट बघायची.

फायरबॉलची गंमत इथेही आहेच. तिसऱ्या पातळीच्या, अनेकांना लागणाऱ्या स्पेलचा मारा सहा फासे असावा, असं याच आवृत्तीतलं नवे स्पेल रचण्याचं कोष्टक सांगतं. फायरबॉलला आठ आहेत. स्वतःच्याच वजनमापात न बसणारा माल त्यांनी दुकानाच्या दर्शनी भागात ठेवला, कारण गिऱ्हाईक त्याच्यासाठीच येतं. मला हा अप्रामाणिकपणा वाटत नाही. पाचव्या लेव्हलला पहिल्यांदा आठ फासे मुठीत घेणाऱ्या पोराचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला कोष्टकाचं दुःख होणार नाही.

या घराण्याबाहेरची उत्तरं जास्त धीट आहेत. 1978 च्या 'रूनक्वेस्ट'ने जादू सगळ्यांनाच देऊन टाकली, भांडणच मिटवलं. 'डन्जन क्रॉल क्लासिक्स'मध्ये स्पेल टाकतानाच फासा पडतो; भलता आकडा आला तर जादूगाराचं अंग कायमचं विद्रूप होतं आणि अगदीच निकड असेल तर स्वतःची ताकद जाळून आकडा वाढवता येतो. पाथफाइंडरच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत सामना एकाच फटक्यात संपवणारे स्पेल वरचढ शत्रूवर मुद्दाम बोथट केले आहेत. विझर्ड खेळणारे कुरकुरतात, बाकीचे खूष. '13थ एज'ने तर वेळेचा प्रश्न कात्रीने कापला: ताकद भरून येणार चार लढायांनंतर, मग मधे एक रात्र जावो की महिना.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती 'आर्स मॅजिका'ची युक्ती. 1987 साली जोनाथन ट्वीट आणि मार्क राइनहागन यांनी हा खेळ लिहिला. होय, तिसऱ्या आवृत्तीवाले तेच ट्वीट. मध्ययुगीन युरोप, आणि जादूगार इतरांपेक्षा उघडउघड, बेगुमानपणे ताकदवान. समतोल साधायचा प्रयत्नच नाही. त्याऐवजी प्रत्येक खेळाडूचा एक जादूगार, एक साधा साथीदार, आणि पहारेकरी-नोकरांचा एक सामायिक ताफा. आज तुझा जादूगार बाहेर पडेल, माझा प्रयोगशाळेत पोथ्या चाळत बसेल आणि मी तुझा भालाईत होईन. पुढच्या वेळी उलट. तोल पात्रांमध्ये नाही, टेबलावरच्या माणसांमध्ये. 2002 च्या 'बफी' मालिकेवरच्या खेळातही असंच शहाणपण आहे: मारझोड करणाऱ्या नायकांना सुरुवातीला 10 नाट्यगुण, त्यांच्या साध्या मित्रांना 20. हे गुण खर्चून कथेला कलाटणी देता येते. दुबळ्याला मनगटाऐवजी कथेत वाटा मिळतो.

2024 च्या सुधारित पुस्तकाने शस्त्रांना खास करामती दिल्या: कुऱ्हाडीने एकाला मारताना शेजारच्यालाही लागतं, कशाने शत्रू मागे ढकलला जातो. प्राण्यांचे कळप बोलावून टेबलाचा अर्धा तास खाणारा 'कॉन्ज्युअर अॅनिमल्स' आवरला, तेही छान झालं. तलवारवाला आता लढाईत जास्त रंगतो. कड्यापाशी, कुलपाशी, दरबारात मात्र तो अजून बराचसा तिथेच उभा आहे.

माझ्या टेबलावर कुणी घरी रचलेला स्पेल घेऊन आलं की मी मारा किती हे शेवटी विचारतो. आधी विचारतो, हे काम आत्तापर्यंत आपल्यातलं कोण करत होतं? त्याच्याकडे बघून सांग. निम्मे स्पेल तिथेच मागे घेतले जातात.

गेल्या पावसाळ्यात हट्टाने जुने नियम काढले. मशाली मोजायच्या, वेळ मोजायचा, सोनं बाहेर आणलं तरच गुण. विझर्ड चालवणाऱ्याच्या वाट्याला जीव 2 आणि एकच स्पेल, झोपवणारा 'स्लीप'. दोन तास त्याने तो टाकला नाही. तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. शेवटी अरुंद दालनात ऑर्कांची टोळी आली, आमचे दोघे लढवय्ये भिंतीला टेकले आणि त्याने टाकला. अकराच्या अकरा ऑर्क जागीच आडवे. टेबलावर इतका आरडाओरडा झाला की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. त्यानंतरचा सव्वा तास त्याच्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. लढवय्यांचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्याने मशाल धरली, आणि ती विझायला किती वेळ उरलाय हे दर दहा मिनिटांनी तोच मोठ्याने सांगत राहिला.